काच खाली घे

भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थविस्तार शिकवायचा झाला की 'तेल' हे ठरीव उदाहरण दिले जाते. तिळाचे ते तेल. पुढे ते करडईचे झाले, खोबऱ्याचे झाले आणि शेवटी जमिनीतूनही निघू लागले. त्याच्या जोडीला आम्ही उभयता अनेक वर्षे 'गाडी' हा शब्द देत आलो आहोत. बैलांची ती गाडी, रुळांवरची ती गाडी, एस.टी.ही गाडी, आणि उशिरा आलेला विद्यार्थी 'सर, गाडी पंक्चर झाली' म्हणतो तेव्हा तो दुचाकीविषयी बोलत असतो. त्या शब्दाबरोबर चाक, आस, वंगण ही बैलगाडीच्या घरची मंडळीही निमूटपणे मोटारीत येऊन बसली. उदाहरण चांगले आहे, अजूनही देतो. पण 2024 साली दारात खरोखरच नवी गाडी उभी राहिली, आणि वर्गात सहज ओलांडलेले हे अंतर प्रत्यक्षात ओलांडताना आमची चांगलीच दमछाक झाली.

जुनी मारुती 800 होती. 1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला त्या गाडीची किल्ली मिळाली तेव्हा आम्ही बालवाडीतही गेलो नव्हतो, आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले तेव्हा आमची गाडी दहा वर्षांची होती. 2004 ची, आम्ही 2009 मध्ये जुनी म्हणून घेतलेली. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण झाले, त्याची पाच वर्षेही सरली, तेव्हा तिला निरोप दिला. तिच्या दुखण्यांना मराठी नावे होती. ती ओढत नसे, तेल पीत असे, चढावर धापा टाकी, थंडीत पहिल्या हाकेला ओ देत नसे. कराडातले आमचे मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर थांबत आणि मग निदान सांगत. नव्या गाडीला ते हात लावत नाहीत. 'हिला लॅपटॉप लावायला लागतोय,' असे म्हणून त्यांनी आम्हाला नम्रपणे परत पाठवले.

आता थोडे अण्णांविषयी. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. एस.टी.त चालक होते, चिपळूण आगारात, आणि नोकरीची बरीच वर्षे कुंभार्ली घाटाच्या चढउतारात गेली. मुलाला गाडी शिकवण्याचा नाद त्यांनी चौथ्या दिवशी सोडला. सूनबाई मात्र शिकल्या. मारुतीवर, चढावर, मागच्या चाकामागे दगडाची उटी लावून, हातब्रेक सोडता सोडता क्लच नेमका किती सोडायचा ते त्यांनी शिकवले. 'बघू नको, ऐक. आवाज खाली बसला की गाडीने भार घेतला,' हा त्यांचा पाठ. तेव्हापासून आमच्या घरात कामाची वाटणी झाली आहे : एक चालक, दुसरा वाहक. वाहकाने गाडी मागे घेताना उतरून उभे राहायचे आणि 'येऊ दे, येऊ दे, अजून एक हात, बस्स' असे म्हणत डिकीवर थाप मारायची. या संवादात कधी भांडणेही होत, कारण 'एक हात' म्हणजे कोणाचा हात, याविषयी आमचे मतभेद होते.

नव्या गाडीने पहिल्याच दिवशी वाहकाची नोकरी संपवली. मागचा गिअर टाकला की पडद्यावर मागचे अंगण उमटते, त्यावर पिवळ्या-तांबड्या रेषा; तुळशीवृंदावन जवळ आले की गाडी टींटीं करते. थाप मारायला जागा उरली नाही. पहिले काही दिवस आमच्यातला वाहक सवयीने उतरून उभा राहिला, मग अवघडला, मग बसूनच राहू लागला.

किल्लीही पर्समध्येच असते. ती भोकात घालून फिरवायची नाही, नुसती जवळ असू द्यायची आणि बटण दाबायचे. पर्स घरी राहिली की गाडी अनोळख्यासारखी बघते. कोल्हापूर नाक्यावर सिग्नलला थांबलो आणि इंजिन आपोआप बंद पडले तेव्हा आम्ही दोघेही घाबरलो. मागून हॉर्न, आमची बटणाशी झटापट. वास्तविक क्लच दाबताच ते पुन्हा सुरू होणार होते. थांबल्यावर बंद होणे हा इंधन वाचवण्याचा गुण आहे हे माहितीपुस्तकात लिहिले होते, परंतु ते पुस्तक इतके जाडजूड आहे, की ते आम्ही संदर्भग्रंथासारखे, अडल्यावरच उघडतो. पट्टा न बांधल्याचा, ताशी 80 किलोमीटर ओलांडल्याचा, मागे काही असल्याचा, असे इशारे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत सक्तीचेच आहेत. त्यांवर कंपनीने आपले आणखी घातले. मार्गिका सोडली की सुकाणू हातात थरथरते. महामार्गाच्या रुंदीकरणात जुने पट्टे पुसले नाहीत आणि नवे ओढले गेले, तिथे ते बिचारे कोणाचे ऐकावे ते न कळून उगाचच थरथरते.

तक्रारीच्या सुरात हे सगळे लिहिता आले असते, आणि पहिले दोन-तीन महिने घरी आम्ही त्याच सुरात बोलतही होतो. मग उसाचा हंगाम आला. पेपर तपासणी आटोपून रात्री परतत होतो. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर होते आणि त्यांच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता. मागे दिवा नाही, तांबडी पट्टीही उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली. गाडी ओरडली आणि आमचा पाय ब्रेकवर पोचण्याआधी तिने स्वतःच ब्रेक लावला. वाढे काचेपासून किती अंतरावर होते ते आम्ही अण्णांना सांगितलेले नाही. त्या रात्रीनंतर आमच्यातल्या वाहकाने तिची नक्कल करणे सोडले.

अण्णांचे मात्र तिच्याविषयी निराळेच मत होते. पावसाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले, पहिल्यांदा तिच्यात बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, 'ही काहीच बोलत नाही.' इंजिनाचा आवाज येत नाही असे त्यांना म्हणायचे असेल, असे आम्ही धरून चाललो. त्या वेळी त्यांचा पट्टा लागलेला नव्हता आणि गाडी सारखी वाजत होती.

2025 च्या ऑगस्टात, गणपतीच्या आठवडाभर आधी, त्यांना चिपळूणला सोडायला निघालो. पाटण सोडले तशी सर वाढली, आणि हेळवाक मागे टाकून घाटाच्या तोंडाशी आलो तर समोर धुके. पंधरा-वीस हातांपलीकडे रस्ता नाही. पुढच्या काचेमागचा कॅमेरा आंधळा झाला तसे पडद्यावर इंग्रजीत वाक्य आले, की सोयी तूर्त बंद आहेत. इतके दिवस सतत कानाशी बोलणारी ती गाडी अगदी गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हाला त्यात थोडासा आनंदच झाला. मागे अण्णा होते. या घाटाचे प्रत्येक वळण त्यांच्या अंगात होते. आता त्यांची पाळी, असे आम्हा दोघांच्याही मनात आले.

'सूनबाई, काच खाली घे,' अण्णा म्हणाले. त्यांनी मागची काचही उतरवून घेतली. पाऊस आत येऊ लागला. 'वळणावर हॉर्न दे, मग थांब, मग ऐक. चढत्या गाडीला वाट आपण द्यायची.' आम्ही तसेच करत उतरू लागलो. हॉर्न, थांबणे, ऐकणे. पाण्याचा आवाज, कुठेतरी ओहोळ. अण्णा मान किंचित कलती करून बसलेले, डोळे मिटलेले. 'मोकळा आहे, घे.' आम्ही घेत होतो. चार वळणे अशी गेली.

पाचव्या वळणाआधी हॉर्न दिला, थांबलो. अण्णा म्हणाले, 'मोकळा आहे.'

खालून उत्तराचा हॉर्न आला होता. लांबचा नव्हे, जवळचा. आम्हा दोघांनाही तो एकाच वेळी ऐकू आला. चालकाने वाहकाकडे पाहिले.

'मोकळा आहे गो, घे ना,' अण्णा पुन्हा म्हणाले, थोडे करडेपणाने.

चालकाने ब्रेकवरचा पाय काढला नाही. दुसरा हॉर्न आला, मग इंजिनाचा घरघराट, मग धुक्यातून दोन पिवळे डाग. भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये सगळे वळण व्यापून वर आला आणि आमच्या आरशाजवळून गेला. त्याच्या क्लीनरने हात केला. आम्हीही केला.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आम्ही मागे वळून पाहिले नाही, पण आरशात दिसत होते. अण्णांचा हात दारावर काच वर करायचा दांडा शोधत होता. तो तिथे नव्हता. मग त्यांना बटण सापडले आणि काच सावकाश वर गेली.

'तूच ऐक आता,' ते म्हणाले.

उरलेला घाट आम्ही तसाच उतरलो, पुढच्या दोन्ही काचा उघड्या ठेवून. वाहक ऐकत होता आणि मोठ्याने सांगत होता, मागच्या आसनापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. पोफळीला धुके विरळ झाले, आणि मागच्या वाहनाने आम्हाला ओलांडले तशी गाडी पुन्हा टींटीं करू लागली.