दूध सोडण्याआधीचा हिशेब

जानेवारीत आणि श्रावण सरल्यावर माझ्याकडे एकाच जातीचे प्रश्न घेऊन माणसं येतात. जानेवारीतली म्हणतात, ‘व्हीगन व्हायचंय.’ श्रावणानंतरची म्हणतात, ‘महिनाभर खाल्लं नाही, आता कायमचंच सोडावं म्हणतो.’ दोघांच्याही मोबाइलमध्ये पाककृतींचा साठा असतो. किन्वाचं सॅलड, बदामाच्या दुधातली स्मूदी, काजूचं चीज. मी आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा पाककृतींना नावं ठेवणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणं. तरीही सांगते, मराठी घरात मांस किंवा दूध सोडणाऱ्याला पाककृती कधीच कमी पडत नाहीत. कमी पडतो तो हिशेब, आणि स्वयंपाकघराबाहेरच्या दोन-चार गोष्टी.

मांस सोडणाऱ्याला पहिली मदत पुस्तकातून घ्यायची गरज नाही. गल्लीत, भावकीत एखादा माळकरी असतोच. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण-मासळी सुटते, पण ती त्या एका माणसाची. घर पूर्वीसारखंच खात राहतं. रविवारी रस्सा शिजतो त्याच घरात आजोबांचं पातेलं वेगळं चढतं आणि त्यावर चर्चा होत नाही. जत्रेत काय खायचं, लग्नाच्या पंगतीत कुठं बसायचं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, हे सगळं त्या माणसानं वर्षानुवर्षं निभावलेलं असतं. शाकाहाराकडे वळणाऱ्या तरुणांची गाडी अडते ती इथंच, ताटात नव्हे. गोव्यातल्या मासळी खाणाऱ्या घरांतही सोमवारी शिवराक जेवण असतं. रोज मासे खाणाऱ्या घराला एक दिवस त्यांच्याशिवाय चविष्ट जेवायचं कसं, ते या घरांकडून शिकावं.

यातलं किती जेवण दुधाविना होतं, ते मोजायला बसलं की गंमत वाटते. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, नागपूरकडचा पातोडीचा रस्सा, मालवणातलं काळ्या वाटाण्याचं सांबारं, गोव्यातलं खतखतं, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं. यांत दुधाचा थेंब नाही. सोलकढी तर आहेच. व्हीगन जेवण म्हणून महागड्या हॉटेलात जे मिळतं, त्यापेक्षा हे प्रथिनांच्या बाबतीत सरस आहे. शिकायला कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ घ्या. १९७० सालचं पुस्तक, पण त्यातली वाटी-चमच्याची मापं अजून उपयोगी पडतात, कारण आहाराचा हिशेबही शेवटी वाटीनंच करायचा असतो.

दुसरं पुस्तक मी आवर्जून वाचायला सांगते ते स्वयंपाक शिकण्यासाठी नव्हे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं, मांस वाळवून चान्या कशा ठेवायच्या, ते त्यात आहे. आपल्याकडे ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी नुसती आहाराची नसते, ती जातीचीही असते. घर भाड्यानं देताना ती कशी वापरली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत देशातली पंधरा वर्षांवरची सुमारे ७१ टक्के माणसं मांसाहारी निघाली. तुम्ही प्राण्यांसाठी, हवामानासाठी किंवा तब्येतीसाठी मांस सोडत असाल तर जरूर सोडा. शेजाऱ्याच्या ताटाला नाक मुरडायचा परवाना त्याबरोबर मिळत नाही.

आता हिशेब. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची भारतीय अन्नघटक कोष्टकं आहेत. ५२८ पदार्थांचं पृथक्करण त्यांत दिलं आहे. मराठी मासिकांत, व्हॉट्सॲपवर आणि दुर्दैवानं काही दवाखान्यांच्या भिंतींवरही अजून जुनेच आकडे फिरतात. पोह्यांचं उदाहरण घ्या. जुन्या कोष्टकात शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह होतं. नव्या मोजणीत ते पाचाच्या आत आलं. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देताना ज्या शंभर मिलिग्रॅम लोहाचा दाखला दिला जाई, ते नव्या कोष्टकात सतराच्या आसपास आहे. लाडू खाऊच नयेत असं नाही. पण पोह्यांवर लिंबू पिळून लोहाची काळजी मिटली असं समजणाऱ्या बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमची आहे, हेही तिला माहीत हवं. लिंबू मात्र चुकवू नका. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा आडवा येतो.

प्रथिनांची भीती सर्वांना वाटते, आणि खरं तर तीच सर्वांत कमी वाटायला हवी. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्यांतून दहा ग्रॅम, पाऊण वाटीच्या आसपास तांदळातून सहा, तीस ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, चाळीस ग्रॅम मुगाच्या उसळीतून नऊ, मूठभर शेंगदाण्यांतून सात, संध्याकाळच्या पिठल्याच्या पन्नास ग्रॅम बेसनातून जवळजवळ अकरा. झाले पन्नास. ही सगळी वजनं कच्च्या धान्याची आहेत, आणि अडचण नेमकी तिथंच आहे. चार माणसांच्या वरणात मूठभर डाळ आणि बाकी फोडणीचं पाणी, असं आपल्या कितीतरी घरांत चालतं. मांस खाणाऱ्या घरात ते खपून जातं. मांस गेलं की वरण घट्ट झालं पाहिजे. माझ्याकडच्या निम्म्या सल्ल्याचं सार एवढंच आहे, आणि त्यासाठी पैसे घेताना मला कधी कधी ओशाळल्यासारखं होतं.

कॅल्शियमचंही जमतं. ते रोज हजार मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत ३६० पेक्षा थोडं अधिक मिळतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त. तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, नाचणीची आंबील रोजच्यात हवी. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मोड आणणं आणि आंबवणं या आपल्या जुन्या सवयी इथं कामी येतात, कारण खनिजांना अडवणारं फायटेट त्यांनी कमी होतं.

स्वयंपाकघराची हद्द संपते ती बी-१२ जीवनसत्त्वापाशी. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या मांसात, अंड्यात, दुधात ते येतं; वनस्पतींत भरवशाचं असं येत नाही. आंबवलेल्या पिठात असतं, स्पिरुलिनात असतं, न धुतलेल्या भाजीत असतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. स्पिरुलिनात असतं ते मुख्यतः त्याच्यासारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी असं संयुग. पोटात गेलं की काम करत नाही. इडली-आंबिलीवर भरवसा ठेवण्याजोगं प्रमाण कुणी दाखवलेलं नाही, आणि न धुतलेल्या भाजीतून आधी जंत मिळतील.

यातला फसवा भाग असा की यकृतात बी-१२चा काही वर्षं पुरेल इतका साठा असू शकतो. ज्याचा साठा चांगला होता, त्याला दूध सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काहीच होत नाही. उलट वजन उतरतं, हलकं वाटतं, तो चार जणांना उपदेशही करतो. मग पायांना मुंग्या येतात, जीभ सोलवटते, विसराळूपणा वाढतो. पालेभाज्या आणि डाळी भरपूर असल्यानं फोलेट चांगलं असतं, त्यामुळं रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहिलेले असे लोक मी पाहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तर हा धोका दुहेरी, कारण ते औषधही बी-१२ घटवतं.

ही काही परदेशी व्हीगनांची समस्या नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातल्या आणि भोवतालच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचं बी-१२ कमी होतं. त्यांत दूध पिणारेही होते. त्याच गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ज्या आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. तेव्हा ‘आम्ही पिढ्यान्पिढ्या शाकाहारी, आम्हाला काय होतंय’ हे वाक्य माझ्यासमोर फार वेळ टिकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. दूध सोडायच्या आधी रक्त तपासा: बी-१२, हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन, ‘ड’ जीवनसत्त्व. कमतरता असेल तर आधी डॉक्टरांकडून ती भरून काढा, मग सोडा. पुढे बी-१२ची कायमची गोळी. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीची शिफारस रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा किमान २००० मायक्रोग्रॅम अशी आहे. रोजची गरज २.२ असताना एवढं मोठं प्रमाण का, असं लोक विचारतात. एका वेळी आतडं जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेमकं उचलतं, बाकीच्यातला अगदी थोडा अंश कसाबसा आत शिरतो, म्हणून. फोर्टिफाइड तांदळाचं नाव निघतंच. त्यात किलोमागे बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम. रोज पाव किलो तांदूळ खाल्ला तरी गरजेचा नववा भाग भरतो.

गोळी घेणं म्हणजे आहार अपुरा असल्याची कबुली, असं काहींना वाटतं. त्यांना मी गांधीजींची आठवण करून देते. दूध सोडण्याचा निश्चय त्यांनी दक्षिण आफ्रिकेत, १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर केला. पुढे भारतात प्राणांवर बेतलेल्या दुखण्यात कस्तुरबांच्या आग्रहानं शेळीचं दूध घेतलं, आणि त्याची बोच त्यांनी आत्मकथेत लपवली नाही. दुधाला वनस्पतींतला पर्याय ते शोधत राहिले. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली ती १९४४ साली. आणि बी-१२ शास्त्रज्ञांना प्रथम वेगळं काढता आलं ते १९४८ साली. गांधीजींना जे शोधूनही मिळालं नसतं, ते आज कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळतं आणि तेही जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, प्राण्याला हात न लावता. यात कमीपणा कसला?

औषधांच्या पाकिटावरही नजर हवी. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यांपासूनचं. ‘ड-३’ सहसा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढलेलं ‘ड-३’ मिळतं, पण शोधावं लागतं. खाद्यपदार्थांवरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो. दूध, मध त्यात बसतात. व्हीगनसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत आणि हिरव्या चौकटीत ‘व्ही’ अक्षराची वेगळी खूण आहे. ती पाहा. आणि बदामाचं पेय घेताना पाकिटामागची प्रथिनांची ओळ वाचा. बहुतेकांत पेल्यामागे एखादाच ग्रॅम असतो. सोयाचं पेय दुधाच्या जवळ जातं. घरी काढलेल्या शेंगदाण्याच्या दुधाचं दही मिरचीचे देठ घालून लागतं, कढीला ते छान चालतं, पण त्यात वरून कॅल्शियम कुणी घातलेलं नसतं, हे ध्यानात असू द्या.

मिठाचं एका वाक्यात. मासळी आणि दूध दोन्ही गेलं की आयोडीन द्यायला आयोडीनयुक्त मीठच उरतं, तेव्हा गुलाबी सैंधवाची हौस आवरा.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि तान्हं मूल यांच्या बाबतीत मी कडक आहे. आईचं बी-१२ फार कमी असेल तर फक्त अंगावरच्या दुधावर वाढणारं बाळ थरथरतं, शिकलेली हालचाल विसरतं. हा आजार भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे. व्हीगन गरोदरपण अशक्य नाही. ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीशिवाय करू नये, आणि या काळात घरच्यांशी तत्त्वाची भांडणं काढू नयेत.

राहिली दिवाळी, कारण तिच्या फराळाचा प्रश्न दरवर्षी येतो. चिवडा, शेव, चकली, कडबोळी यांत अडचण नाही. मोहन तेलाचं घाला. शंकरपाळ्यांना दुधाऐवजी नारळाचं दूध चालतं, करंजीचं सारण तर मुळात खोबऱ्याचंच. पुरणपोळीवर नारळाचा रस कोकणात कित्येक घरांत तुपाइतकाच मानाचा आहे. बेसनाच्या लाडवाला मात्र तुपाचा पर्याय मला सापडलेला नाही. खोबरेल तेलात बेसन भाजलं की लाडू वळतो, पण तो बेसनाचा राहत नाही, खोबऱ्याचा होतो. त्यापेक्षा दाण्याचे नाहीतर तिळाचे करावेत.