कात पाडणाऱ्यांच्या मुलखात

गणपती गेले की आम्हाला कर्जतचे वेध लागतात. स्टेशनावर गरम वडा खावा, उल्हासच्या कडेने कोंदिवड्याची वाट धरावी, समोर राजमाचीचा डोंगर असावा, हा आमचा दरसालचा नेम. यंदा चिरंजीव थोडे लंगडत होते. गुडघ्यावरच्या गळवाने महिनाभर छळले होते. तपासणीच्या कागदावर सहांपैकी चार औषधांपुढे शेरा होता, ‘रेझिस्टंट’. पाचव्याने गुण आला. पण तोवर सौ.च्या डोळ्याला डोळा नव्हता.

वाटेत एका कातकरीवाडीत पाणी मागितले. अंगणातल्या म्हाताऱ्याने मुलाची पट्टी पाहिली.

“खैराची साल उकळून आमी जखम धुतो,” तो म्हणाला. मग हसून, “माजा आज्या खैराचा कात पाडायचा. आता निस्तं नाव राह्यलं.”

खैराच्या गाभ्याच्या चिपा मडक्यात उकळायच्या, काढा आटवून वड्या पाडायच्या, तो कात. आणि कात पाडणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, धंदा बसला. आता दिवाळी सरली की वाडीतली बिऱ्हाडे वीटभट्टीवर निघतात.

संध्याकाळी खोपोलीच्या गाडीने खालापूर तालुक्यात मेहुण्यांकडे पोचलो. जेवणानंतर वहिनींनी विडे पुढे केले. मेहुणे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. काताकडे बोट दाखवीत म्हणाले, “भावोजी, यात कॅटेचिन आहे. काताला विलायतेत कॅटेचू म्हणतात, त्यावरून हे नाव. त्याचे एक भावंड चहात असते, एपिकॅटेचिन गॅलेट. ते एकटे जंतूंना फारसे मारत नाही. पण पेनिसिलिनच्या कुळातले ऑक्सॅसिलिन सोबत दिले, तर त्या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस प्रयोगशाळेत पुन्हा त्यालाच शरण येतो. मिरीतल्या पायपरिनचेही तसेच. काही जंतू आत शिरलेले औषध पंपाने उपसावे तसे बाहेर टाकतात. पायपरिन तो पंप अडवते.”

“मग रोज चार कप चहा नि दोन विडे?” सौ.ने आशेने विचारले.

“छे! चहातले ते द्रव्य रक्तात फार थोडे उतरते. काचेच्या बशीत जमले ते शरीरात जमेलच असे नाही. ही द्रव्ये औषधाची मदतनीस होऊ पाहताहेत, इतकेच. घाटापलीकडे पिंपरीला १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी दहा वर्षे, १९४५ च्या नोबेल भाषणातच, फ्लेमिंगने बजावले होते, की अपुरा डोस घ्याल तर जंतूंना पक्के कराल.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. गेल्या वर्षी ताप उतरताच मुलाच्या उरलेल्या गोळ्या आम्हीच डब्यात ठेवून दिल्या होत्या. त्यामुळेच हे झाले, असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो डबा डोळ्यांपुढून हलेना.

घरी येताच सौ.ने तो आधी रिकामा केला. आता दिवाळी तोंडावर आली आहे. पाडव्याच्या विड्यासाठी काताची डबी भरून ठेवली आहे. तिकडे ती वाडी मात्र वीटभट्टीच्या वाटेसाठी गाठोडी बांधीत असेल.