दोन धोतरे
नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही आणि तिच्या पात्रात साबण लावायचा नाही. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’च्या निमित्ताने पहिल्या दोन दंडकांवर वर्गात पुष्कळ बोलता येते, तिसरा धुणे करणाऱ्यालाच कळतो. निवृत्तीनंतर वडील नांदेडहून निघाले तेव्हा झोळीत दोन धोतरे, एक कांबळे आणि कमंडलू, एवढेच. एक धोतर अंगावर, दुसरे नुसत्या पाण्यात खळबळून खांद्यावर. चालता चालता वाळे. चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम, तेवढीच धुण्याला उसंत. परतले तेव्हा धोतरांना गाळाचा रंग चढला होता. आईने सोडा घालून ती उकळायला काढली. वडील काही बोलले नाहीत. एक तेवढे उचलून त्यांनी देवघरात ठेवले. ते गेल्यावर आईनेच ते बाहेर काढले. धुतले मात्र नाही.