पाणी वाहतं, पडत नाही!

२००४ मध्ये 'स्वदेस' आला आणि आपल्यातल्या अनेकांची ट्यूब पेटली. ओढा अडवायचा, टर्बाइन बसवायचं, घरात उजेड! माझं चरणपूर म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं आसगाव.

माझं कारण मात्र फिल्मी नव्हतं. काकांच्या शेतपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला साठी उलटलेले काका बॅटरी घेऊन बांधावर, साप-विंचवांच्या सोबतीला. घरी काकू टक्क जागी. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं २०२४ मध्ये माफ केलं. जागरण कोण माफ करणार?

शेताच्या कडेनं नाला वाहतो, मग अडलंय कुठे? हिशेब सोपा आहे बरं का. पाणी किती मीटरवरून पडतं, गुणिले सेकंदाला किती लिटर, गुणिले ९.८, की झाले वॅट. छोट्या यंत्रात त्यातले साधारण निम्मे हाती लागतात. दहा मीटरवरून सेकंदाला दहा लिटर पडलं, तर पाचशेच्या आसपास वॅट. दिवे, पंखे, टीव्ही, मस्त!

'स्वदेस'मागची प्रेरणा मानलं जाणारं बिलगाव नंदुरबारच्या डोंगरात आहे. तिथे धबधबा होता. २००३ मध्ये गावकऱ्यांच्या श्रमदानातून १५ किलोवॅटचा प्रकल्प उभा राहिला. २००६ मध्ये तो सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाला.

आसगावात मीटरभर उतार मिळाला तरी खूप. तेवढ्यावर काकांचा पाच एचपीचा पंप चालवायला सेकंदाला साडेसातशे लिटर पाणी लागेल. एवढं पाणी हाताशी असतं, तर पंप हवाच कशाला होता?

"आमच्या इथं पानी वायते रे पोरा, पडत नाही," काका म्हणाले. सगळं फिजिक्स एका वाक्यात! जमीन सपाट, म्हणून बांधीत पाणी साचतं आणि धान पिकतो. त्याच सपाटीपायी वीज होत नाही. जमिनीकडून दोन्ही कसं मागणार?

मग वर पाहिलं. सौर पंपासाठी अर्ज भरलाय. शेतकऱ्याचा दहा टक्के हिस्सा मी देणार. मित्र म्हणाला, "पण यार, तो रात्री चालत नाही."

काकूला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग तर लवकर बसव."