चेहऱ्यापासूनचे अंतर

ऑलिंपस कंपनीने २०११ मध्ये आणलेली ४५ मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स अवघ्या ११६ ग्रॅम वजनाची असून, आरसा काढून टाकल्यामुळे आटोपशीर झालेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर ती चढवली की व्यक्तिचित्रणातला आनंद नव्याने उमगतो. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, १७.३ बाय १३ मिलिमीटर एवढाच असल्याने लेन्सचा दृश्यकोन ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावरील ९० मिलिमीटरच्या लेन्सइतका अरुंद होतो, आणि उभ्या चौकटीत चेहरा व खांदे बसवण्यासाठी छायाचित्रकाराला सुमारे दीड मीटर दूर उभे राहावे लागते. या अंतराचे महत्त्व पुरेसे सांगितले जात नाही: फार जवळून पाहिल्यास नाकाचे टोक व कान यांतले थोडे सेंटिमीटरही मोठे ठरून नाक फुगलेले दिसते, तर दीड मीटरवरून तो फरक ओसरतो आणि चेहरा घरच्यांना ओळखीचा वाटतो तसा उमटतो.

एफ/१.८ म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र नाभीय अंतराच्या १.८व्या हिश्शाइतके, इथे २५ मिलिमीटर रुंद. त्यामुळे मावळतीला खिडकीशी बसलेल्या व्यक्तीसाठी फ्लॅशची गरज सहसा भासत नाही. स्पष्टतेचा पट्टा तेव्हा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो, म्हणून नेमके डोळ्यांवर फोकस साधणे अत्यावश्यक ठरते. मोठ्या सेन्सरच्या तुलनेत पार्श्वभूमी कमी विरघळते, ही उणीव मानली जाते खरी. परंतु मागचे कपाट किंवा दारावरचे तोरण ओळखू येण्याइतके उरले, तर त्या व्यक्तीचे घरही चित्रात राहते, आणि हे निःसंशय अधिक मोलाचे आहे.