गॅलरीच्या दाराकडे पाठ

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी झोपाळा गॅलरीच्या दारापाशी आहे. आजी कायम दाराकडे पाठ करूनच त्यावर बसायची. तिथून स्वयंपाकघर, देवघर आणि जिन्यातून वर येणारा माणूस, तिन्ही तिला एकदम दिसायचं.

2016 साली तिचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मी नुकताच डीएसएलआर घेतला होता, त्यामुळे फोटोग्राफर बोलवायचा नाही, असं मीच ठणकावून सांगितलं. मे महिना, बडोद्याचं दुपारचं ऊन, दार सताड उघडं आणि कॅमेरा ऑटोवर. छोट्या स्क्रीनवर सगळं छान वाटलं. दोन वर्षांनी आजी गेली, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधला. झोपाळ्यावरचे 43 निघाले. प्रत्येकात मागचा कडुनिंब पानन्‌पान स्पष्ट, आणि आजी म्हणजे नऊवारीतली काळी आकृती.

रात्रभर लॅपटॉपवर बसून तिला उजळवत होते. फोटो जेपेग, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, आणि काळोखातल्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यातल्या अगदी थोड्या. नथ दिसली, गालावर मात्र रांगोळी सांडल्यासारखे ठिपके आले. रॉ फाइल ठेवल्या असत्या तर बरंच वाचलं असतं. शेवटी चुलतभावाने पंगतीत फोनवर काढलेला फोटो लावला. त्यात ती कुणाला तरी वाढायला सांगतेय, तोंड अर्धं वळलेलं.

मी बीई झालेली. मला कळायला हवं होतं. कॅमेरा साधारणपणे समोरच्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेवर आणायला बघतो. मागे उन्हाने भरलेलं दार असलं की तो सगळंच मंद करून टाकतो. दार आणि आजी यांत महत्त्वाचं कोण, ते आपण सांगायचं असतं. त्यासाठी प्लस-मायनसचं बटण आहे. प्लस एक म्हणजे दुप्पट प्रकाश, प्लस दोन म्हणजे चौपट. बहुतेक फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवा. मागचं दार पांढरं फटक होईल; होऊ दे. भर दिवसा फ्लॅशही चालतो, पण त्याची चकाकी मला आवडत नाही. एचडीआर दोन्ही सांभाळू बघतो. चेहरा मात्र गिलावा केल्यासारखा होतो, असं माझं मत. नवऱ्याला ते पटत नाही.

आता झोपाळ्यावर आजोबा बसतात, तिच्याच जागी. गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा म्हटलं, "आजोबा, जरा भिंतीशी बसता का?"

"नाही. काढायचा तर इथेच काढ."

मग भाचीला पांढरी चादर धरून माझ्या बाजूला उभं केलं. दारातून आलेला उजेड चादरीवर पडून उलट त्यांच्या तोंडावर आला. प्लस दीड ठेवलं. पांढऱ्या केसांभोवती उन्हाची कड, कपाळावरच्या आठ्या, चष्म्यामागचे डोळे, सगळं आलं.

त्यांनी कॅमेरा हातात घेतला. "मागचा निंब कुठे गेला गं?" म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले.

"दाढी करायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, ते दाराकडे पाठ करून झोपाळ्यावर बसले होते.