न शिवलेली ठिगळं

मुलांनो, घटोत्कच तुम्हांला चांगलाच माहीत आहे. भीमाचा तो धिप्पाड मुलगा! पण तो आकाशात उडायचा कशाच्या जोरावर, सांगा पाहू? "मायावी होता म्हणून," असंच तुम्ही म्हणणार. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या मुलांना विचाराल, तर ती म्हणतील, "त्याच्या बंडीमुळं!" चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून तिथं महाभारत दाखवतात. त्या खेळाला म्हणतात 'वायांग'. त्यातल्या घटोत्कचाकडं 'अंताकुसुमा' नावाची जादूची बंडी असते. ती अंगात घातली, की झालं उड्डाण!

गंमत पुढंच आहे. जावातल्या योग्यकर्ता शहरात आजही सुलतानाचा राजवाडा आहे, आणि त्या राजघराण्यानं याच नावाचं एक जुनं जाकीट पिढ्यान् पिढ्या जपलं आहे. कसलं आहे ते? जरीचं? रत्नजडित? छे! निरनिराळ्या कापडांचे छोटे छोटे तुकडे जोडून शिवलेलं आहे ते. आपल्या भाषेत सांगायचं, तर ठिगळांचं! राजानं जपायचं ते ठिगळांचं जाकीट, ही कल्पना मला तरी फार आवडली.

तर चला, आज तुम्हांला या योग्यकर्त्याला नेतो. तिथले लोक लाडानं 'जोग्जा' म्हणतात. मालिओबोरो नावाच्या गजबजलेल्या रस्त्यानं जायला लागा. 'बेचाक' म्हणजे तिथली सायकलरिक्षा, फक्त आपण बसायचं पुढं आणि चालवणारा मागं! रस्त्याच्या टोकाशी बेरिंगहार्जो बाजार लागतो. आत शिरलात, की जिकडं पाहाल तिकडं बाटिकच बाटिक. तपकिरी, निळं, मातकट पांढरं. इथले काही शब्द ऐकून कान टवकारतात. रंगाला म्हणतात 'वर्ना', कापसाला 'कापास', आणि तांब्याच्या ठशानं केलेल्या बाटिकला 'चाप'. वर्ण, कापूस, छाप... ओळखीचे वाटतात ना?

पण खरी मजा बाजारात नाही, शहराच्या दक्षिणेला इमोगिरीच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर सुलतानांच्या समाध्या आणि खाली गिरिलोयो नावाचं खेडं. इथल्या बायका हातानं बाटिक करतात. त्याला 'बाटिक तुलिस' म्हणायचं. 'तुलिस' म्हणजे लिहिणं. हो, त्या कापडावर चक्क लिहितातच! पेन म्हणजे 'चांतिंग' : लाकडी दांडी, तिला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला बारीक चोच. शाई म्हणजे वितळलेलं मेण. चोचीत मेण अडलं, की इबू हलकेच फुंकर मारतात आणि पुढची रेघ ओढतात. ('इबू' म्हणजे आई. मोठ्या बाईंना तिथं असंच हाक मारायची.) मेण लावलेल्या जागी रंग शिरत नाही. कापड निळीत बुडवायचं, काही मेण खरवडायचं, मग तपकिरी रंगात बुडवायचं आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून सगळं मेण काढून टाकायचं. बारीक नक्षीचं एकच कापड पुरं व्हायला महिनेच्या महिने लागतात.

इथंच मी एक कापड पाहिलं. त्रिकोण आणि चौकट-एक्क्यासारखे तुकडे एकमेकांना जोडलेले, प्रत्येकात नक्षी वेगळी. मी शिवण शोधायला बोट फिरवलं. शिवणच नाही! सगळी ठिगळं मेणानं 'लिहिलेली'! या नक्षीला म्हणतात 'तांबाल', म्हणजे ठिगळ लावणं, दुरुस्त करणं. आजारी माणसाच्या अंगावर तांबाल पांघरलं, तर तो बरा होतो, असं जुने लोक मानत. ताप औषधानंच उतरतो, हे काय इबूंना ठाऊक नाही? पण फाटलेलं सांधणारी नक्षी दुखणेकऱ्यावर पांघरावी, असं ज्याला प्रथम सुचलं तो माणूस मायेचा असणार.

या गावालाच एकदा सांधायची वेळ आली. २७ मे २००६ च्या पहाटे इथं मोठा भूकंप झाला. या साऱ्या भागात मिळून ५,००० हून अधिक माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. त्याआधी गिरिलोयोच्या बायका फक्त मेणाचं काम करत आणि कापड शहरातल्या व्यापाऱ्यांना देत. रंग तिकडं, विक्री तिकडं, आणि नफाही तिकडंच. भूकंपानंतर मदतीला आलेल्या संस्थांच्या साथीनं त्यांनी गट बांधले, रंगवायला शिकल्या, आपलं कापड आपण विकू लागल्या. आता काळजी आहे ती यंत्रावर छापलेल्या स्वस्त नकलेची. ती ओळखायची खूण लक्षात ठेवा : कापड उलटं करून बघा. हातचं बाटिक दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच रंगलेलं असतं. छापील नकलेची पाठ बहुधा फिकी!

"असं कापड कापून गोधडी करता येईल का?" मी विचारलं. इबूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की प्रश्न मागं घ्यावासा वाटला. "अख्खं नाही कापायचं. पेर्चा घ्या," त्या म्हणाल्या. पेर्चा म्हणजे शिंप्याकडं उरलेल्या चिंध्या. त्यांचं म्हणणं मला पटलं. तुम्हीही तसंच करा. आपल्याकडं उज्जैनजवळ भैरवगढला आणि कच्छमध्ये मुंद्र्याला बाटिक होतं. घरात त्याचा जुना कुडता, ओढणी असेल, तर आईला विचारून (विचारूनच हं!) घ्या.

आधी कापड धुऊन घ्या. ओलं असताना पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहा. फडकं रंगलं, तर पुन्हा धुवा. नाहीतर एका तुकड्याचा रंग शेजारच्यावर चढेल. मग पुठ्ठ्याचा साडेतीन इंचांचा चौकोन कापा आणि त्याच्या मापानं पाच गडद, चार फिके तुकडे काढा. पहिली ओळ गडद-फिका-गडद, दुसरी फिका-गडद-फिका, तिसरी पहिलीसारखी. सुलट बाजू समोरासमोर ठेवून, कडेपासून पाव इंचावर बारीक धावदोरा घाला. बाटिकचं कापड घट्ट विणीचं असतं, म्हणून सुई बारीक हवी.

ओळी तयार झाल्या, की शिवणी गडद तुकड्याकडं दुमडून इस्त्री करा. इस्त्रीला घरातलं मोठं माणूस हवंच. हे दुमडणं चुकवू नका, कारण खरी खुबी त्यातच आहे. पहिल्या ओळीच्या शिवणी बाहेर वळतात, दुसरीच्या आत, त्यामुळं ओळी जोडताना त्या एकमेकींना टेकून बसतात आणि कोपऱ्याला कोपरा आपोआप मिळतो. तरीही सरकलाच, तर तेवढाच भाग उसवायचा.

आता पट्टी लावा. साडेनऊ इंच भरलं? बरोबर! चारी कडांची पाव-पाव इंच शिवण पुढच्या जोडकामात जाईल आणि उरेल नऊ इंचांचा चौकोन. असे चार आडवे, पाच उभे, म्हणजे वीस चौकोन जोडले, की छत्तीस बाय पंचेचाळीस इंचांचं पांघरूण होतं. खाली आजीच्या मऊ लुगड्याचे दोन थर आणि वरून गोधडीचे टाके. तान्ह्या बाळाला अगदी पुरेल.